मीखाचा ग्रंथ आणि जमिनीचा प्रश्न : इ. स. पूर्व आठव्या शतकातील यहूदाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

हिब्रू संदेष्ट्यांचे वाङ्मय बहुधा भविष्यकथन किंवा कालातीत नीतिबोध म्हणून वाचले जाते. प्रस्तुत शोधनिबंधात मीखा या संदेष्ट्याच्या वचनांचा विचार त्याच्या काळातील राजकीय घडामोडी, पुरातत्त्वीय पुरावे आणि विशेषतः जमीनधारणेची पद्धती यांच्या आधारे केला आहे. मराठी बायबलात हिब्रू 'नहला' या संज्ञेसाठी 'वतन' हा शब्द योजला जातो. महाराष्ट्राच्या महसुली इतिहासाच्या प्रकाशात पाहता 'मिरास' ही संज्ञा मूळ कल्पनेला अधिक जवळची ठरते आणि तिच्या साहाय्याने मीखाच्या आरोपाचे स्वरूप स्पष्ट होते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : मीखा, यहूदा, अश्शूर, मोरेशेथ, नहला, वतन, मिरास, मुळशी सत्याग्रह.

१. प्रस्तावना

हिब्रू धर्मग्रंथ मराठीत येण्याची प्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. डॉ. जॉन विल्सन यांनी बेने इस्राएल समाजासाठी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे १८३२ मध्ये मराठीतून प्रसिद्ध केली. संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर १८४७ मध्ये उपलब्ध झाले. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबलचे स्वतंत्र भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. दुसरीकडे, कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल समाजाची घरची भाषा मराठी आणि प्रार्थनेची भाषा हिब्रू होती. म्हणजेच हिब्रू संदेष्ट्यांचा मराठीशी संबंध किमान दोन शतकांचा आहे आणि तो एका धर्मसमाजापुरता मर्यादित नाही.

असे असूनही इतिहासाच्या अभ्यासकांनी या वाङ्मयाकडे इतिहासाचे साधन म्हणून फारसे पाहिलेले नाही. त्याचे एक कारण भाषेत दडलेले आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती वाङ्मयात हिब्रू 'नबी' या शब्दासाठी 'भविष्यवादी' हा प्रतिशब्द रूढ होता. आजच्या मराठी बायबलात 'संदेष्टा' हा शब्द आढळतो. 'भविष्यवादी' म्हटले की पुढे घडणाऱ्या गोष्टी आधी सांगणारा पुरुष डोळ्यांसमोर येतो आणि त्याची परीक्षा भाकीत खरे झाले की खोटे, एवढ्यावरच होते. 'संदेष्टा' म्हटले की संदेश कोणाला दिला, कोणत्या प्रसंगी दिला आणि ऐकणाऱ्यांनी तो कसा घेतला, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. हे प्रश्न इतिहासाचे आहेत.

मीखा हा या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. त्याचा ग्रंथ अवघ्या सात अध्यायांचा आहे. त्याचा काळ व गाव ज्ञात आहे. त्याच्या काळातील घटनांना हिब्रू परंपरेबाहेरचा, म्हणजे अश्शूरी कोरीव लेखांचा व उत्खननाचा आधार आहे. आणि त्याच्या टीकेच्या केंद्रस्थानी शेतकऱ्याची जमीन आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) मीखाच्या ग्रंथातील इ. स. पूर्व आठव्या शतकातील भाग निश्चित करून त्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी तपासणे.
(आ) मीखाने केलेल्या जमीन बळकावण्याच्या आरोपाचे सामाजिक व कायदेशीर स्वरूप स्पष्ट करणे.
(इ) मराठी भाषांतरातील 'वतन' या संज्ञेची चिकित्सा करणे.
(ई) पुणे जिल्ह्याच्या कृषी इतिहासाशी तुलना कितपत उपकारक आहे, हे पाहणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक-चिकित्सक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. ग्रंथाच्या धार्मिक प्रामाण्याचा प्रश्न येथे विचारात घेतलेला नाही. श्रद्धावान वाचक व इतिहासाचा अभ्यासक यांचे प्रश्न वेगळे असतात. एकाने दुसऱ्याचे उत्तर नाकारलेच पाहिजे असे नाही.

३. मीखाचा ग्रंथ : रचना व कालनिश्चिती

ग्रंथाच्या पहिल्या वचनात मीखाचा काळ योथाम, आहाज व हिज्कीया या यहूदाच्या तीन राजांच्या कारकिर्दीत सांगितला आहे. हा काळ स्थूलमानाने इ. स. पूर्व ७५० ते ७०० असा येतो. मात्र संपूर्ण ग्रंथ या अर्धशतकात लिहिला गेला असे मानता येत नाही. चौथ्या अध्यायात बाबेलचा उल्लेख आहे. मीखाच्या काळात यहूदावर सावट होते ते अश्शूरचे. बाबेलचे संकट त्यानंतर शंभर वर्षांनी आले. तसेच चौथ्या अध्यायाच्या आरंभीचा, राष्ट्रे शस्त्रे मोडून शेतीची अवजारे करतील या आशयाचा उतारा यशयाच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायातही जवळजवळ तसाच सापडतो.

जर्मन अभ्यासक बर्नहार्ड श्टाडे यांनी १८८१ मध्ये पहिल्या तीन अध्यायांतील बहुतेक भागच मीखाचा असल्याचे मत मांडले. त्यानंतर त्यावर बरीच चर्चा झाली आणि नंतरच्या अध्यायांतही मीखाची काही वचने असावीत असे अनेकांना वाटते. तरीही पहिले तीन अध्याय हा ग्रंथाचा सर्वांत जुना गाभा आहे, याविषयी व्यापक सहमती आहे. म्हणून प्रस्तुत विवेचन मुख्यतः याच तीन अध्यायांवर आधारले आहे.

नंतरची भर ही बनावट मानण्याचे कारण नाही. मराठी संतवाङ्मयाच्या अभ्यासकाला ही गोष्ट परिचयाची आहे. एखाद्या संताच्या नावावरील गाथेत पुढील पिढ्यांची रचना मिसळते, तेव्हा त्या पिढ्या आपला अनुभव त्या संताच्या शब्दांत ओतत असतात. इतिहासकाराने थर वेगळे करावेत. कोणताही थर टाकून देऊ नये. मीखाच्या वचनांचा असा पुनर्वापर पुढेही चालू राहिला. १९४७ पासून मृत समुद्राच्या काठी कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांमध्ये मीखाच्या ग्रंथावरील भाष्याचे तुकडे आहेत. त्या भाष्यकारांनी मीखाचे शब्द थेट आपल्या पंथाला व आपल्या काळाला लावले आहेत. मूळ संदर्भ सुटून वचन नव्या संदर्भात कसे जाते, याचे ते एक प्राचीन उदाहरण होय.

४. राजकीय पार्श्वभूमी : अश्शूरचे आक्रमण

इ. स. पूर्व ७४५ मध्ये तिसरा तिग्लथ-पिलेसर अश्शूरच्या गादीवर आला आणि पश्चिम आशियाचे राजकारण बदलले. खंडणी, बंड केल्यास स्वारी आणि पराभूत लोकांचे सक्तीचे स्थलांतर ही अश्शूरची राज्यपद्धती बनली. यहूदाचा राजा आहाज याने त्याचे मांडलिकत्व पत्करले. उत्तरेकडील इस्राएल राज्याने बंड केले. इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास त्याची राजधानी शोमरोन पडली आणि ते राज्य नाहीसे झाले.

सर्गोन दुसरा हा अश्शूरचा सम्राट इ. स. पूर्व ७०५ मध्ये मरण पावल्यावर हिज्कीयाने खंडणी थांबवली. त्याच्या युद्धतयारीच्या खुणा आजही दिसतात. यरुशलेममध्ये झऱ्याचे पाणी शहराच्या आत आणण्यासाठी खडकातून खोदलेला सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा त्याच्या काळातील मानला जातो. त्यातील हिब्रू शिलालेख १८८० मध्ये उजेडात आला. पश्चिमेकडील टेकडीवर सुमारे सात मीटर रुंदीची तटबंदी उत्खननात सापडली आहे. 'राजासाठी' या अर्थाची मोहोर मुठींवर उमटवलेले साठवणीचे मोठे रांजण यहूदाच्या अनेक गावांत मिळाले असून लाखीश येथे त्यांची संख्या शेकडोंनी आहे. ही धान्य, तेल व द्राक्षारस राजाच्या नावे गोळा करण्याची व्यवस्था होती, असे यावरून दिसून येते.

इ. स. पूर्व ७०१ मध्ये सम्राट सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याच्या लेखात ४६ तटबंदीची गावे घेतल्याचा आणि २,००,१५० लोकांना बाहेर काढल्याचा दावा आहे. हा आकडा अतिशयोक्त असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. खंडणीच्या बाबतीत दोन साधनांची तुलना बोधप्रद आहे. सोन्याचे ३० तालांत हा आकडा सन्हेरीबाचा लेख आणि हिब्रू राजांचा ग्रंथ या दोहोंत सारखाच आहे. चांदीचा आकडा मात्र एकात ८००, तर दुसऱ्यात ३०० असा येतो. परस्परविरोधी पक्षांची साधने एका तपशिलावर जुळतात, तेव्हा त्या तपशिलाचे मोल वाढते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सन्हेरीबाच्या लेखातील आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. जिंकलेली यहूदाची गावे त्याने अश्दोद, एक्रोन व गज्जा येथील पलिष्टी राजांना वाटून दिली. यरुशलेम वाचले, पण पश्चिमेकडील सुपीक मुलूख परक्यांच्या ताब्यात गेला. मीखाचे गाव नेमके त्याच मुलखात होते.

५. मोरेशेथ : एका गावातून दिसलेले राज्य

मीखाचा उल्लेख त्याच्या पित्याच्या नावाने होत नाही. तो 'मोरेशेथकर' म्हणून ओळखला जातो. कोकणातील बेने इस्राएल कुटुंबांची आडनावेही अशीच गावावरून आलेली व 'कर' प्रत्ययाची आहेत. माणूस गावाच्या नावाने ओळखला जातो तो बहुधा गावाबाहेर. त्यावरून मीखा आपल्या गावाबाहेर, बहुधा यरुशलेममध्ये बोलला असावा, असे अनुमान केले जाते. हान्स वाल्टर वोल्फ या अभ्यासकाच्या मते तो गावच्या वडीलधाऱ्या पंचांपैकी एक असावा.

मोरेशेथ-गथ हे यरुशलेमच्या नैर्ऋत्येस, शेफेला या टेकड्यांच्या प्रदेशात, लाखीश या लष्करी ठाण्याच्या जवळ होते. धान्य, जैतून व द्राक्षे पिकवणारा हा भाग किनारपट्टी आणि यहूदाचा डोंगराळ प्रदेश यांच्या मध्ये येतो. राजधानीचे संरक्षण याच भागातील किल्ल्यांवर अवलंबून होते. त्यामुळे राजाचे अधिकारी, सैनिक व वसुली यांचा भार या गावांवर प्रथम पडे आणि शत्रूची स्वारीही प्रथम येथेच येई.

पहिल्या अध्यायाच्या अखेरीस मीखाने या परिसरातील गावांची नावे घेऊन विलाप केला आहे. प्रत्येक गावाच्या नावावर त्याने शब्दश्लेष साधला आहे. ज्या गावाच्या नावात धुळीचा ध्वनी आहे, तेथील लोकांना तो धुळीत लोळण्यास सांगतो. अखजीब या नावाचा उच्चार 'अखजाब', म्हणजे फसवणूक, या शब्दाजवळ जातो. म्हणून ते गाव राजांना फसवे ठरेल असे तो म्हणतो. लाखीशच्या नावाशी रथाच्या घोड्यांसाठी असलेला 'रेखेश' हा शब्द जुळवून तो त्या लष्करी ठाण्यालाच पापाचे मूळ ठरवतो. भाषांतरात हा श्लेष जवळजवळ पूर्णपणे हरवतो आणि मराठी वाचकाच्या हाती अनोळखी नावांची यादी उरते.

ही यादी नकाशावर ठेवली म्हणजे तिचा अर्थ कळतो. ओळखता आलेली बहुतेक गावे मोरेशेथच्या आसपास, काही तासांच्या पायी अंतरावर आहेत. अनेक अभ्यासक हा विलाप ७०१ च्या स्वारीशी जोडतात, तर काही त्याआधीच्या अश्शूरी मोहिमांशी. लाखीश येथील उत्खननात अश्शूरी सैन्याने तटाला भिडवलेला मातीदगडांचा उतार आणि जळिताचा थर सापडला आहे. निनवे येथील राजवाड्याच्या भिंतीवरील शिल्पपटात त्याच वेढ्याचे चित्रण असून बैलगाडीत बायकामुले बसवून देशोधडीला लागलेली कुटुंबे त्यात दिसतात. हा शिल्पपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. विजेत्याने आपल्या पराक्रमाची नोंद म्हणून तो कोरवला. पराभूत गावांची बाजू मीखाच्या विलापात उरली आहे.

६. 'वतन' की 'मिरास' : जमीन बळकावण्याचे स्वरूप

दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी मीखाचा मुख्य आरोप येतो. काही लोक रात्री अंथरुणावर पडून बेत रचतात आणि उजाडताच तो अमलात आणतात, कारण तशी सत्ता त्यांच्या हाती आहे. ते शेतांचा लोभ धरतात व ती हिसकावतात, घरे घेतात, माणसाला व त्याच्या वारशाच्या जमिनीला नाडतात. पुढे तो अंगावरचे वस्त्र काढून घेण्याचा आणि स्त्रियांना त्यांच्या घरांतून हुसकावण्याचा उल्लेख करतो.

यातील दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे ही चोरी किंवा दरोडा नव्हे. चोर रात्री काम करतो. येथे काम दिवसाढवळ्या होते, कारण करणाऱ्यांच्या हाती अधिकार आहे. तिसऱ्या अध्यायात मीखा न्यायासाठी लाच घेणारे प्रमुख, मोबदला घेऊन शिकवणारे याजक आणि पैशासाठी शकुन सांगणारे संदेष्टे यांना एकत्र बसवतो. म्हणजे जमीन जात होती ती निवाड्याच्या मार्गाने व धर्माच्या संमतीने.

दुसरी गोष्ट जमिनीच्या स्वरूपाविषयी आहे. मूळ हिब्रूत 'नहला' हा शब्द आहे. मराठी बायबलात जमिनीच्या संदर्भात त्यासाठी बहुधा 'वतन' हा शब्द येतो. भाषांतरकारांची ही निवड समजण्याजोगी आहे. वंशपरंपरा आणि प्रतिष्ठा हे दोन्ही अर्थ त्यात आहेत व एकोणिसाव्या शतकातील वाचकाला तो शब्द जिवंत होता. परंतु मराठी राज्यव्यवस्थेत वतन हे मुख्यतः सेवेशी जोडलेले होते. पाटील, कुलकर्णी, देशमुख, बलुतेदार यांना वंशपरंपरेने काम व त्याबद्दल हक्क, मानपान व जमीन मिळे. साध्या कुणब्याच्या कसत्या शेतावरील वंशपरंपरागत हक्काला 'मिरास' म्हणत. मिरासदार आपल्या शेताचा पिढीजात धनी असे. त्याला गावाच्या बैठकीत स्थान असे. मिरासीच्या हस्तांतराला गोतसभेची साक्ष लागे. याउलट उपरी हा करारावर जमीन कसणारा बाहेरचा माणूस असे. जुन्या कागदपत्रांत 'वतन' व 'मिरास' हे शब्द कधी कधी एकमेकांच्या जागी येतात हे खरे. तथापि कल्पना म्हणून त्यांतील फरक स्पष्ट आहे.

'नहला' ही कल्पना मिरासीच्या जवळची आहे. ती कुटुंबाची वारशाची जमीन होती; तिच्यामुळे कुटुंबाला गावाच्या सभेत स्थान मिळे. राजांच्या पहिल्या ग्रंथातील नाबोथाची कथा याचे उत्तम उदाहरण आहे. राजा अहाब द्राक्षमळ्याच्या बदल्यात चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ करतो, तरीही नाबोथ पूर्वजांची जमीन देण्यास नकार देतो. मग खोटे साक्षीदार उभे करून, रीतसर खटला चालवून त्याला ठार केले जाते. मीखाच्या दुसऱ्या अध्यायात बळकावणाऱ्यांना दिलेली शिक्षाही याच व्यवस्थेतील आहे : देवाच्या मंडळीत चिठ्ठी टाकून जमिनीची दोरी धरणारा त्यांचा कोणी उरणार नाही. जमिनीचे वाटप सभेत दोरीने मोजून होत असे, हे गृहीत धरल्याशिवाय या वचनाचा अर्थ लागत नाही. गोतसभेतून बाद होणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही शिक्षा किती मोठी होती ते सांगावे लागत नाही.

भाषाशास्त्रही या तुलनेला दुजोरा देते. 'मिरास', 'वारस', 'वारसा' हे मराठी शब्द अरबीतून आले आहेत. त्यांच्या मुळाशी असलेला अरबी धातू आणि वारशाने ताबा मिळणे या अर्थाचा हिब्रू धातू हे सजातीय आहेत. मीखाच्या गावाचे 'मोरेशेथ' हे नाव त्याच हिब्रू धातूशी जोडले जाते. म्हणजेच ज्या संदेष्ट्याने वारशाच्या जमिनीसाठी आवाज उठवला, त्याच्या गावाच्या नावाचे आणि आपल्या मिरासीचे मूळ एकच आहे. या योगायोगातून ऐतिहासिक संबंध सिद्ध होत नाही. परंतु योग्य प्रतिशब्द शोधण्यास तो निश्चित मदत करतो.

जमीन प्रत्यक्षात कशी जात होती, याविषयी मतभेद आहेत. डी. एन. प्रेमनाथ यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मते आठव्या शतकात राजसत्तेने निर्यातक्षम तेल व द्राक्षारसावर भर दिल्याने, तसेच करांच्या व कर्जाच्या बोजामुळे लहान शेते मोठ्या मालमत्तांत विलीन झाली. इतर काही अभ्यासक मोठ्या जहागिरींचा थेट पुरातत्त्वीय पुरावा अपुरा असल्याचे सांगतात. मीखाच्या ग्रंथात आकडे नाहीत; तेव्हा ही प्रक्रिया किती व्यापक होती हे केवळ त्याच्या आधारे ठरवता येत नाही. मात्र खंडणी, तटबंदी व युद्धतयारीचा खर्च अखेर शेतीच्या उत्पन्नातूनच निघत असणार, हे अनुमान वाजवी आहे. सियोन रक्ताने बांधले जात असल्याचा तिसऱ्या अध्यायातील आरोप त्या बांधकामांच्या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्याची धार जाणवते. राजधानीच्या दृष्टीने जो तट संरक्षण होता, तो मोरेशेथच्या दृष्टीने भार होता.

वस्त्र काढून घेण्याच्या उल्लेखालाही बाह्य आधार मिळतो. निर्गमाच्या ग्रंथातील नियमानुसार गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत द्यावे लागे. १९६० मध्ये किनारपट्टीजवळील एका छोट्या गढीत इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील, खापरावर लिहिलेला अर्ज सापडला. आपले काम पूर्ण केले असतानाही अंगरखा काढून नेल्याची तक्रार एका कापणी करणाऱ्या मजुराने त्यात अधिकाऱ्याकडे केली आहे. हा प्रसंग मीखानंतरचा व कामाच्या हिशेबाशी निगडित असला, तरी वस्त्र जप्त करण्याची रीत काव्यात्म कल्पना नव्हती हे त्यावरून सिद्ध होते.

७. भाकीत आणि इतिहास

तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस मीखा सांगतो की, या पुढाऱ्यांमुळे सियोन शेतासारखे नांगरले जाईल व यरुशलेमचे ढिगारे होतील. एका शेतकरी गावातील माणसाने राजधानीसाठी योजलेली ही प्रतिमा अर्थपूर्ण आहे : ज्यांनी इतरांची शेते गिळली, त्यांच्या नगराचे शेत होईल.

७०१ मध्ये मात्र यरुशलेम पडले नाही. भविष्यकथनाचा निकष लावला तर मीखा खोटा ठरला असे म्हणावे लागेल. परंतु त्याच्या समाजाने तसे मानले नाही. याचा पुरावा यिर्मयाच्या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. इ. स. पूर्व ६०९ च्या सुमारास, यहोयाकीम राजाच्या कारकिर्दीच्या आरंभी, मंदिराच्या नाशाची घोषणा केल्याबद्दल यिर्मयावर देहदंडाची मागणी झाली. तेव्हा देशातील काही वडील उठले व त्यांनी मीखाचे नाव घेऊन त्याचे वचन सांगितले. हिज्कीयाने मीखाला मारले नाही, तो देवाला भ्याला आणि अनर्थ टळला, असा दाखला त्यांनी दिला. यिर्मया वाचला. त्याच अध्यायात उरीया नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याला राजाने ठार केल्याची नोंद आहे. त्यावरून यिर्मयाचा धोका किती खरा होता हे लक्षात येते.

हा प्रसंग अनेक कारणांनी महत्त्वाचा आहे. एका संदेष्ट्याचे वचन त्याच्या नावासह दुसऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथात उद्धृत होणे ही हिब्रू वाङ्मयातील विरळा गोष्ट आहे. मीखाचे शब्द सुमारे एक शतक स्मरणात राहिले आणि ते स्मरणात ठेवणारे 'देशातील वडील' होते, यावरून ही परंपरा दरबाराबाहेर जपली गेली असावी असे दिसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, न घडलेले भाकीत त्या समाजाला सार्थ वाटले. भाकीत हा इशारा होता. ऐकणाऱ्यांनी वर्तन बदलावे हा त्याचा हेतू होता. 'भविष्यवादी' या शब्दापेक्षा 'संदेष्टा' हा शब्द अधिक योग्य का, याचे उत्तर या एका प्रसंगात मिळते.

८. पुणे जिल्ह्यातील अनुभव : तुलनेचा उपयोग व मर्यादा

अधिकाराच्या व कायद्याच्या मार्गाने जमीन जाण्याचा अनुभव पुणे जिल्ह्याला नवा नाही. इंदापूर येथे १८३६ मध्ये सुधारित पाहणी सुरू झाली आणि पुढे रयतवारी पद्धतीत मिरासी व उपरी हा भेद मावळत गेला. शेताचा खातेदार जमीन विकू अथवा गहाण ठेवू शकू लागला. गोतसभेची साक्ष मागे पडली व दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा पुढे आला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यातूनच आला.

मुळशीचा अनुभव याहून वेगळा, पण तितकाच बोलका आहे. मुळा व निळा नद्यांच्या संगमाजवळ जलविद्युतनिर्मितीसाठी टाटा कंपनीने धरण योजले. भाताच्या उत्तम खाचरांचे हे खोरे पाण्याखाली जाणार होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते आणि 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा होती. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा वापर केला. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात दाखवले आहे की, खोऱ्यातील बरीच जमीन पुण्यातील सावकारांकडे होती आणि जमीन वाचवण्यापेक्षा मोबदला वाढवून घेण्यात त्यांना अधिक रस होता. कसणाऱ्या मावळ्यांचे हित व कागदोपत्री मालकांचे हित वेगळे झाले. १९२४ पर्यंत चळवळ ओसरली व १९२७ मध्ये प्रकल्प कार्यान्वित झाला.

या तुलनेच्या मर्यादा स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. मुळशीत जमीन घेणारी परकीय वसाहतवादी सत्तेच्या पाठिंब्याची औद्योगिक कंपनी होती, तिने सार्वजनिक हिताचे कारण दिले होते आणि कायद्यात मोबदल्याची तरतूद होती. मीखाच्या यहूदात जमीन घेणारे स्वकीय प्रतिष्ठित होते. मीखा हा चळवळीचा संघटक नव्हता. त्याचा आधार देव व लोक यांच्यातील करार हा होता. म्हणून मुळशीच्या साहाय्याने मीखा 'सिद्ध' करणे किंवा मीखाच्या वचनांनी मुळशीला धार्मिक रंग देणे, हे दोन्ही अनैतिहासिक ठरेल.

तुलनेचा उपयोग प्रश्न विचारण्यापुरता आहे. जमिनीचा मालक कोण आणि कसणारा कोण? हस्तांतराला साक्ष कोणाची? किंमत देऊ केली म्हणजे अन्याय संपतो का? विकासाचा वा संरक्षणाचा लाभ एका ठिकाणी आणि भार दुसऱ्या ठिकाणी पडतो का? मुळशीच्या इतिहासातून आलेले हे प्रश्न मीखाच्या ग्रंथाला विचारले, तर त्याची अनेक दुर्बोध वचने बोलकी होतात. नाबोथाने चांगली किंमत का नाकारली, हे 'जान किंवा जमीन' म्हणणाऱ्या खोऱ्यात वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात :

(१) मीखाच्या ग्रंथाचा जुना गाभा, विशेषतः पहिले तीन अध्याय, इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या उत्तरार्धातील यहूदाच्या ग्रामीण जीवनाचे महत्त्वाचे साधन आहे. अश्शूरी लेख व उत्खनने यांच्याशी ताडून पाहिल्यास त्याचे मोल वाढते.

(२) मीखाचा आरोप सामान्य गुन्हेगारीविषयी नाही. न्याय, धर्म व प्रशासन यांच्या संगनमताने वारशाची जमीन हस्तांतरित होत असल्याचा तो आरोप आहे. त्याची व्याप्ती किती होती, हा प्रश्न अद्याप खुला आहे.

(३) 'नहला' या संज्ञेसाठी रूढ झालेला 'वतन' हा शब्द वंशपरंपरेचा अर्थ देतो, पण सेवेशी जोडलेल्या हक्काची अनावश्यक छटाही आणतो. 'मिरास' ही संज्ञा अर्थाने आणि धातूच्या नात्याने अधिक जवळची आहे. धार्मिक पठणातील शब्द बदलावा असे येथे सुचवायचे नाही; ऐतिहासिक विवेचनात मात्र हा भेद पाळला जावा.

(४) यिर्मयाच्या ग्रंथातील साक्षीवरून मीखाचे वचन त्याच्या समाजाने इशारा म्हणून स्मरणात ठेवले, हे स्पष्ट होते. संदेष्ट्यांच्या वाङ्मयाला भाकिताच्या खरेखोटेपणाची कसोटी लावणे त्यामुळे अपुरे ठरते.

(५) महाराष्ट्राच्या महसुली इतिहासाचा अभ्यास हा प्राचीन पश्चिम आशियाच्या इतिहासाकडे पाहण्याची एक स्वतंत्र दृष्टी देऊ शकतो. मराठीतील मिरासपत्रे, गोतसभांचे महजर व हिब्रू कृषिविषयक वचने यांचा एकत्रित अभ्यास इतिहास, अर्थशास्त्र, भाषाशास्त्र व मराठी या विषयांच्या अध्यापकांनी मिळून हाती घ्यावा, इतकी सामग्री आज उपलब्ध आहे.

सन्हेरीबाच्या शिल्पपटातील बैलगाड्यांवर माणसांची नावे नाहीत. मीखाच्या विलापात त्यांच्या गावांची नावे आहेत. ती नावे नकाशावर व शेते त्यांच्या धारणापद्धतीत परत ठेवणे, हे या ग्रंथाच्या ऐतिहासिक वाचनाचे काम होय.